दोन डोंगर आणि एक कंगवा

घराला रंग लावून झाला आणि हॉलमधली सोफ्यामागची भिंत एकदम उघडी पडली. आधी तिथे बँकेचं कॅलेंडर होतं, एक बंद पडलेलं घड्याळ होतं आणि मुलाने दुसरीत असताना काढलेलं निळ्या खडूचं विमान होतं. तेव्हा भिंत दिसतच नव्हती. आता दिसायला लागली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सोफ्यावर टेकता टेकता म्हणायला लागला, "इथे काहीतरी पाहिजे हं."

म्हणून आम्ही फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे तीन फूट बाय चार फुटांचं एक चित्र होतं. करडं, पांढरं, मधून सोनेरी ओघळ. किंमत साडेअठरा हजार. नवरा बराच वेळ त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. विक्रेत्या मुलीला वाटलं, गिऱ्हाईक पटलं. मग हळूच मला म्हणाला, "आपल्या पेंटरने बादली धुतली तेव्हा बाल्कनीत अगदी हेच झालं होतं. आपण ते पुसायला लावलं."

रिक्षात बसेपर्यंत माझा निर्णय झाला होता.

तसं पाहिलं तर सगळं सामान घरातच होतं. ऑफव्हाइट इमल्शनच्या डब्यात तळाशी दीडएक लिटर उरलेला. थोडा प्रायमर. भिंतीच्या पुट्टीची अर्धी पिशवी. पेंटर विसरून गेलेला पुट्टी ओढायचा एक पत्रा आणि केस ताठ झालेला रोलर. फक्त रंगछटा नव्हत्या, त्यासाठी स्टेनरच्या बाटल्या आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "किती लिटरमध्ये टाकायचंय?" मी म्हटलं, "वाटीभर." त्याने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि काही न बोलता सगळ्यात लहान बाटल्या काढून दिल्या. एक पिवळट मातकट, एक काळी. स्टेनर हे प्रकरण हिंगासारखं आहे. वाटीभर पांढऱ्यात दोन थेंब पुरतात, चौथ्या थेंबाला सगळं हातचं जातं. शिवाय इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून पंख्याखाली वाळवून बघायचं. हे मला दोन वाट्या वाया गेल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी बोर्ड पुढ्यात घेतला तेव्हा मनाशी पक्कं ठरवलं होतं, काहीही काढायचं नाही. नुसते रंग. हाताला वाटेल तिकडे जाऊ द्यायचं. हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. मागे सरकून पाहते तर दोन डोंगर. मधे एक पिवळा ठिपका पडला होता तो सूर्य. काळ्याचा एक ओघळ उतरला होता तो सरळ नदी होऊन खाली वाहत होता. झोपडी आणि चाराच्या आकड्यासारखे पक्षी तेवढे राहिले होते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मला सी ग्रेड मिळाली होती, पण ते डोंगर काही हातातून गेले नाहीत. बोर्ड उलटा केला. उलटे डोंगर दिसले. आडवा केला तर लेक म्हणाला, "समोसे."

दुसऱ्या दिवशी मास्किंग टेपच्या आडव्यातिडव्या पट्ट्या लावल्या, मधल्या चौकटी रंगवल्या आणि रंग पूर्ण वाळल्यावर टेप ओढली. टेपबरोबर रंगाची सालंही निघाली. टेप रंग ओलसर असतानाच काढायची असते. जी काही जाळी उरली तिला नवऱ्याने "बेडरूमचं ग्रिल" म्हटलं आणि ते खरं होतं, हुबेहूब तोच नमुना.

तिसऱ्या वेळी मी महत्त्वाकांक्षी झाले. दोन मीटर मांजरपाट आणलं, लाकडी चौकटीवर ताणून खिळ्यांनी ठोकलं आणि त्यावर पुट्टीचा चांगला बोटभर थर दिला. दुकानातल्या चित्रावर तसे उंचवटे होते ना! आता पुट्टी ही भिंतीसाठी असते, भिंत हलत नाही आणि तिथेही ती दीडएक मिलिमीटरच्या वर द्यायची नसते. कापडावर बोटभर म्हणजे काय होणार? रात्री बारीक चिरा गेल्या, सकाळी रुंद झाल्या आणि दुपारी आम्ही जेवत असताना त्यातला भाकरीएवढा तुकडा टपकन खाली पडला. कामाच्या ताईंनी तो केरसुणीने सुपलीत भरला. "भिंत पडली का वहिनी?" एवढंच विचारलं.

त्या रात्री रोलर धुता धुता मला गायतोंडे आठवले. चित्रकार वासुदेव गायतोंडे, घराणं गोव्याकडचं, जन्म नागपूरचा, १९२४चा. १९४८ साली मुंबईच्या जेजे कलाशाळेतून बाहेर पडले. तेही रोलर आणि पत्रा वापरायचे. थरावर थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे आणि वर्षाला अगदी मोजकी चित्रं पुरी करायचे. त्यांना 'अमूर्त' म्हणवून घेणं आवडत नसे. त्यांचा शब्द होता 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे ज्यात वस्तूच नाही असं. २०१५च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग रोलर नीट धू." विनोद सोडा, पण बेसिनपाशी उभं असताना मला पहिल्यांदा त्या माणसाची थोरवी कळली. काढणं सोपं असेलही. दोन डोंगर, समोसा, ग्रिल, यातलं काहीच येऊ न देणं, आणि तरी समोर काहीतरी असणं! मला तीन दिवसांत एकदाही जमलं नव्हतं.

चौथ्या वेळी कापड नको म्हटलं. सुताराने जुनं कपाट मोडलं होतं, त्याच्या पाठीचं सहा एमएमचं प्लाय गच्चीच्या जिन्यात पडून होतं. ते तीन बाय चारचं कापून आणलं, पॉलिश पेपरने घासलं, प्रायमर मारला, वर एक हात ऑफव्हाइट. दुसऱ्या दिवशी मातकट रंगात थोडी पुट्टी आणि चमचाभर फेविकॉल घालून भज्याच्या पिठाइतकं दाट कालवलं. पातळ असलं की रेषा मिटतात. पंखा बंद केला, नाहीतर ठाण्यातल्या एप्रिलमध्ये पाच मिनिटांत वर साय धरते. प्लाय जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवलं, पातळ थर पसरला आणि तीन दात मोडलेला एक जुना कंगवा घेऊन गुडघ्यांवर बसले.

कंगवा डावीकडून उजवीकडे कमानीसारखा फिरवला. एक कमान. तिच्या टोकावर थोडी चढवून दुसरी. मग तिसरी. ओळ संपली तशी मी मागे सरकले आणि पहिल्या ओळीच्या खालच्या कडेवर दुसरी ओळ चढवायला लागले. पाचव्या-सहाव्या कमानीला कोपर ओळखीचं वळलं. मनगट नाही, कोपर. मी थांबलेच.

वाईजवळच्या गावात आमची आजी दर शनिवारी पडवी सारवायची. शेण पाण्यात कालवलेलं, बादली डाव्या बाजूला, पदर खोचलेला. आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात आणि मागे मागे सरकत दाराकडे. तिचा हात एवढा फिरे की एका कमानीत मी मावले असते. वाळल्यावर बोटांच्या रेषा स्पष्ट दिसायच्या, आणि काकूंनी सारवलं की आजीने हे चालत्या माणसालाही कळायचं. काकूंच्या कमानी लहान, घाईच्या. मे महिन्यात मला उंबऱ्याजवळचा हातभर तुकडा मिळे. मी तो सारवायचे आणि मी खेळायला पळाले की आजी त्यावरून पुन्हा एक हात फिरवायची. तिला वाटायचं, मला माहीत नाही.

कंगवा पुन्हा उचलला. थर सुकायच्या आत बोर्ड संपवायचा होता, आठवणी काढत बसायला वेळ नव्हता. शेवटच्या ओळीला घाई झाली.

दोन दिवसांनी भिंतीला ड्रिल मारून, गट्ट्या ठोकून ते टांगलं. बाहेरून आणलेल्या सामानाचा हिशेब मांडला, फुकट गेलेल्या मांजरपाटासकट ३४० रुपये. सोसायटीत चित्राची चर्चा झाली. शेजारच्या काकांना समुद्राच्या लाटा दिसल्या. लेकाच्या मित्राला माशाचे खवले. एकाने टायरचे ठसे म्हटलं, ते मी मनावर घेतलं नाही. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

गणपतीत आत्या आली. आजीची धाकटी लेक, आता सत्तरीची. सोफ्याच्या समोरच्या खुर्चीत बसली, चहा घेतला आणि चित्राकडे बघत राहिली. हे काय आहे, असं तिने विचारलं नाही. तिचा उजवा हात मांडीवर अगदी हळू, इकडून तिकडे फिरत होता.

"डावीकडचा खालचा कोपरा राहिलाय," ती म्हणाली.

मी उठून जवळ जाऊन बघितलं. राहिला होता. बोटभर, तिरपा, साधा ऑफव्हाइट.

"आता वाळलं गं, आत्या."

"आमच्या आईने पुन्हा करायला लावलं असतं," आत्या म्हणाली आणि कप खाली ठेवला.