दुसरं दुभतं हाय का?

आमचे सर जनावरांचे डॉक्टर. कुठल्याही गोठ्यात शिरले की थर्मामीटर काढायच्या आधी घरच्यांना विचारायचे, "दुसरं दुभतं हाय का?" उत्तर मिळाल्याशिवाय जनावराला हात लावायचे नाहीत. सर गेल्यापासून त्यांच्या हातगुणाबद्दल बरेच जण बोलतात, ते खरंच आहे. पण मला आठवते ती आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरची उन्हाळ्यातली रात्र.

मी जनावरांचा डॉक्टर म्हणून तिथं नुकताच रुजू झालो होतो. म्हैस सकाळपासून अडलेली आणि मला निरोप मिळाला तो दिवस मावळताना. हात घालून पाहिलं तर आतल्या घड्या ओलं धोतर पिळावं तशा उजवीकडं वळलेल्या, पुढं बोटंही सरकेनात. गर्भाशयाला पीळ पडला होता. म्हशींमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, आणि पीळ बहुतेक वेळा उजवीकडचाच असतो. होती तेवढी माणसं घेऊन तिला पाडून लोळवली. सुटला नाही. मग विट्याला सरांना फोन लावला. ते तेव्हा निवृत्त झाले होते. "लांब फळी शोधून ठेव आणि शेजारची चार माणसं बोलव. निघालोच," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आले ते थेट उंबऱ्यापाशी बसलेल्या बाईंकडं गेले. त्यांना मालक नव्हते, पोरगा नववीत.

"ताई, दुसरं दुभतं हाय का?"

"न्हाय ओ डॉक्टर. हिच्यावरच हाय समदं. हिच्या कर्जाचा हप्ता बी डेअरी हिच्याच बिलातनं कापून घेती."

सर माझ्याकडं वळले. "पोट फाडायचं अगदी शेवटाला. हिचा जीव तर वाचवायचाच, पण दूध बी राहिलं पाहिजे. त्या हिशोबानं चल."

म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं. पुढचे पाय वेगळे, मागचे वेगळे बांधले. फळीचं एक टोक जमिनीवर आणि बाकीची फळी पोटावर आडवी, अशी ठेवून जमिनीकडच्या बाजूला मला उभं केलं. फळीनं आतलं रेडकू जागच्या जागी दाबून धरायचं आणि म्हशीचं अंग पीळ आहे त्याच दिशेला फिरवायचं, म्हणजे अंग फिरून पिळाला गाठतं आणि पीळ उलगडतो. माणसं घाई करायला लागली की सर ओरडायचे, "दमानं! पाय वरनं जाऊ द्या!" पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीनंतर सरांनी हात घातला आणि कोपरापर्यंत आत गेला. भसकन पाणी आलं. "सुटला," म्हणाले.

रेडकू मात्र मेलेलंच निघालं. बाईंनी पदर तोंडाला लावला. म्हैस वाचल्याच्या आनंदात मी सलाईन आणि कॅल्शियमची बाटली लावत होतो. सरांचं लक्ष दुसरीकडं होतं. रेडकू नसलेली म्हैस पान्हा चोरते, आणि एकदा आटली की ते वेत गेलंच. त्यांनी बाईंना म्हशीच्या तोंडापुढं बसवलं. रेडकाच्या अंगावरचा ओला चिकटा दोन्ही हातांनी काढून बाईंच्या हातांना कोपरापर्यंत चोळला, वरून मीठ लावलं. म्हशीनं आधी हुंगलं, फुरफुरली, मग चाटायला लागली. जिभेनं बाईंचे हात लालभडक झाले तरी त्या हलल्या नाहीत. समोर आंबोणाची पाटी ठेवली आणि सर स्वतः कासेला बसले. बराच वेळ सड नुसतेच ओढत होते. मग चीक उतरला, दाट, पिवळा. पान्ह्यासाठी सुई टोचायची सवय लावणाऱ्यांवर ते फार चिडायचे. त्या रात्रीही त्यांनी बाईंना बजावलं, "कुणी सांगितलं तरी टोचू नका. रोज तुम्हीच बसा, ह्याच पाटीवर." अँटिबायोटिक दिल्यामुळं किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, तेही पोराकडून भिंतीवर कोळशानं लिहून घेतलं.

जार, म्हणजे वार, पडायची वाट बघत आम्ही अंगणात बसलो, तेव्हा ते स्वतःबद्दल बोलले. एरवी बोलत नसत.

घर जत भागातलं. १९७२ च्या दुष्काळात ते बारा वर्षांचे. आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे आणि तिथं पोरांना सुकडी मिळायची. घरात एकच गाय, खिलार, दुधाला बेताची. आपल्या वाट्याची अर्धी सुकडी ते फडक्यात बांधून तिच्यासाठी आणायचे. ती बसली. रोज सकाळी पोटाखाली बांबू घालून चौघं तिला उठवायचे. एके दिवशी उठली नाही. "धाकटी बहीण दीड वर्षाची होती. तिचं दूध तिथंच बंद झालं," म्हणाले आणि गप्प झाले. पुढचं मी विचारलं नाही.

त्यानंतरची वाट म्हणजे रयतचं बोर्डिंग, साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका', आणि मग परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. मी शिरवळला शिकलो. ते कॉलेज १९८८ चं, सरांच्या वेळी नव्हतंच. मुंबईत पहिलं वर्ष त्यांनी दोन सदऱ्यांवर काढलं. हे सगळं एका वाक्यात उरकलं, गाईचं मात्र सावकाश सांगितलं.

पहाटे जार पडली. ती पूर्ण आहे का, हे सरांनी कंदिलाच्या उजेडात जमिनीवर पसरून तपासलं आणि मगच हात धुतले. बाई पैसे घेऊन आल्या, तर म्हणाले, "चिकाचा खरवस करा, पोराला घाला."

त्या म्हशीनं ते वेत पूर्ण दूध दिलं. पुढच्या वेताला रेडी झाली. ती रेडी बाईंनी विकली नाही.

आमच्या केस रजिस्टरला जनावराची जात, वय, लक्षणं, औषधं असे रकाने आहेत. घरात दुसरं दुभतं आहे का, याला नाही. मी पट्टीनं रेघ मारून तो आखून घेतो आणि हाताखाली येणाऱ्या नव्या डॉक्टरांना आधी तोच भरायला लावतो. एकाच वेळी तीन वस्त्यांवरून फोन आले की कुठं आधी जायचं, ते त्या रकान्यावरून ठरतं.