एकटीची स्लूप आणि शिडीवरचा माणूस

सी ऑफ थीव्ज हा चाच्यांचा ऑनलाइन खेळ एकट्याने खेळायला घेतला की जो भेटेल तो एकच सल्ला देतो: तोफेचा नेम सुधार. माझं मत आता पक्कं झालंय, एकट्या खेळणाऱ्याला या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. माझ्या ज्या स्लूप (खेळातलं सगळ्यांत लहान जहाज) बुडाल्या त्यातल्या बहुतेक नुसत्या तोफगोळ्यांनी बुडाल्याच नाहीत. शिडीवरून चढून आलेल्या एका माणसाने त्या बुडवल्या. हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझा किती मनस्ताप वाचला असता! तो राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसलेय.

एप्रिल 2024 च्या शेवटी हा खेळ प्लेस्टेशन 5 वर आला तेव्हा माझ्या दोन मैत्रिणींनीही घेतला. पण तिघींच्या शिफ्ट तीन तऱ्हेच्या, त्यामुळे रात्री समुद्रावर मी एकटीच. एकटीला मिळते ती स्लूप: एक डोलकाठी, एक शीड, दोन बाजूंना एकेक तोफ. समोर ब्रिगँटाइन आली तर तिच्यावर तीन माणसं आणि चार तोफा. गॅलिऑन असली तर चार माणसं आणि आठ तोफा. त्यांच्यात एक सुकाणू धरतो, दुसरा तोफ मारतो, तिसरा भोकं बुजवतो. ही तिन्ही कामं तुम्हाला एकट्याने करायची असतात, शिवाय पाणीही उपसायचं असतं.

पाठलागाचा भाग सोपा आहे, तो लवकर उरकते. वारा कुठून येतोय ते बघा आणि नाक वाऱ्याच्या तोंडावर धरा. समोरून वारा असताना स्लूप सगळ्यांत वेगवान. गॅलिऑनला पाठीमागून वारा लागतो, तसा वारा असेल तर ती तुम्हाला गाठणारच. दुसरं म्हणजे शत्रूला बरोब्बर आपल्या पाठीमागे ठेवा. या जहाजांच्या तोफा बाजूंना असतात, सरळ पुढे मारता येत नाही. तो मारायला वळला की मागे पडतो. आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं मोठ्या जहाजाच्या पिछाडीला जाऊन मारा करायची. बाजूच्या तोफांच्या रांगेसमोर जायचंच नाही, हे त्यामागचं गणित. कान्होजींचं नाव काढलं की छाती फुगते ती माझीही फुगते, पण हे गणित स्वतः सुकाणू धरल्यावरच नीट कळलं.

एवढं जमलं की गॅलिऑनवाले बहुतेकदा कंटाळून निघून जातात. जे कंटाळत नाहीत ते माणूस पाठवतात.

हा माणूस म्हणजे बोर्डर. तो आपल्याच तोफेत बसून स्वतःला तुमच्याकडे उडवून घेतो, नाहीतर पाण्यात उतरून तुमच्या वाटेत थांबतो आणि जहाज जवळून गेलं की शिडी पकडतो. त्याला तुमची लूट लगेच नको असते. त्याला नांगर टाकायचा असतो. एक बटण, आणि तुमची धावणारी स्लूप जागच्या जागी खिळते. मग त्याचे साथीदार निवांत बाजूला येऊन तोफा लावतात. तुम्ही नांगर उचलायला गेलात की तो पाठीत तलवार घालतो, भोक बुजवायला खाली गेलात की जिन्यात गाठतो. मेलात की फेरी ऑफ द डॅम्डवर, त्या भुतांच्या जहाजावर, दार उघडायची वाट बघत उभं राहायचं. परत येता तेव्हा तो तुमच्याच डेकवर बंदूक रोखून तयार असतो आणि खाली पाणी चढत असतं.

या एका जागी मी महिनोन्महिने अडकले होते. चेनशॉटच्या, म्हणजे साखळीने जोडलेल्या गोळ्यांच्या, एका फटक्यात डोलकाठी मोडते ते मला मान्य आहे, आगीचे गोळे येतात तेही मान्य. पण शिडीला लोंबकळून गप्प बसणारा माणूस बघितला की अजूनही माझं डोकं फिरतं. तो वर येत नाही, नुसता लटकून राहतो. का? तर तुमच्या जहाजाला भोकं पडावीत, तुम्ही घाबरून फळ्या घेऊन खाली पळावं आणि वरचा डेक त्याला मोकळा मिळावा म्हणून. त्याचा सगळा डाव तुमच्या घाईवर उभा असतो.

हे लक्षात आल्यावर मी कान वापरायला शिकले. पाण्यातून कुणी शिडी धरली की एक ओला छपाक असा आवाज येतो, लाटांच्या आवाजापेक्षा वेगळा. स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. हेडफोन लावा, कुठले का असेनात, पण लावा. खेळातलं संगीत सेटिंगमध्ये जाऊन कमी करा. मला एवढ्या एका गोष्टीने जितकं वाचवलं तितकं कुठल्याही बंदुकीने वाचवलेलं नाही. आवाज डाव्या कानात आला की डावी शिडी, उजव्या कानात आला की उजवी. स्लूपला दोनच शिड्या, तेव्हा तिसरा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. जहाज पूर्ण वेगात असेल तर पोहणाऱ्याला शिडी धरायची एकच संधी मिळते. ती हुकली की तो मागे राहतो आणि आपल्या जहाजावर परत नेणारी जलपरी शोधत बसतो. म्हणून पाण्यात डोकं दिसलं की सुकाणू जरासं फिरवा. फार नाही, शिडी त्याच्या हातापासून लांब जाईल एवढंच. मी तर खाली उतरायच्या आधीही सुकाणू किंचित एका अंगाला सोडून जाते. जहाज सरळ रेषेत राहत नाही, त्यामुळे तोफवाल्याचा नेम बसत नाही आणि पोहणाऱ्यालाही अंदाज येत नाही. समोर खडक नाही ना, तेवढं आधी बघायचं.

आता ज्या रात्री हे सगळं एकत्र जमून आलं ती सांगते. गोल्ड होर्डर्स या खेळातल्या व्यापारी कंपनीचा झेंडा मी लावला होता आणि तो पाचव्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या, ग्रेडला पोचला होता. पाचव्या ग्रेडला लुटीचे अडीचपट पैसे मिळतात, म्हणून खालचा डेक पेट्यांनी भरून मी सँक्चुअरी आउटपोस्टकडे निघाले होते. बेटाच्या आडून एक ब्रिगँटाइन आली. वारा आडवा होता, म्हणजे तिच्या सोयीचा. अंतर कमी होत गेलं. पहिला गोळा पाण्यात पडला, दुसऱ्याने पाण्याच्या पातळीखाली भोक पाडलं, आणि त्याच वेळी एक माणूस हवेतून येऊन माझ्या जहाजाच्या जरा पुढे पाण्यात पडला.

मी सुकाणू फिरवलं, तरी त्याने उजवी शिडी धरली. छपाक. मग शांतता. तो लटकला होता. खालून पाणी भरत असल्याचा आवाज येत होता आणि हात फळ्यांकडे जायला शिवशिवत होते. मी गेले नाही. जखम भरायला एक केळं खाल्लं आणि ब्लंडरबस (जवळून मारायची छर्ऱ्यांची बंदूक) घेऊन शिडीच्या माथ्यापासून दोन पावलं मागे, कडेला उभी राहिले. अगदी माथ्यावर उभं राहू नये. आणखी एक गोळा लागला, दुसरं भोक पडलं. तरी उभी राहिले. स्लूपच्या खालच्या डेकवर गुडघाभर पाणी असेपर्यंत वेळ असतो, हे तोवर मला पाठ झालं होतं. शेवटी धीर त्याचा सुटला. डोकं कठड्याच्या वर आलं, खांदे आले, आणि मी चाप ओढला. ब्लंडरबसचे सगळे छर्रे जवळून लागले तर एका गोळीत काम होतं. झालं.

तो मेला म्हणजे त्यालाही फेरीवर थांबावं लागणार आणि परत यायचं ते त्याच्याच जहाजावर. तोवर समोर तिघांचे दोघे. मी खाली गेले, आधी सगळ्यांत खालचं भोक बुजवलं, कारण पाणी तिथून येतं. वरचं, पाण्याच्या पातळीच्या वरचं भोक थांबू शकतं. मग जिन्यावरून बादली. उपसलेलं पाणी जहाजाच्या बाहेर पडलं पाहिजे, गडबडीत डेकवरच टाकलं तर पुन्हा खाली येतं. नंतर वर येऊन नाक वाऱ्यावर धरलं आणि ब्रिगँटाइन हळूहळू लहान होत गेली. त्या रात्री एक पेटी गेली नाही. तीन माणसांच्या जहाजाला एकटीने हात चोळत बसवलं याचा मला अजून अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

तर माझा क्रम असा: आधी माणूस, मग नांगर, मग भोकं. पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं असेल तरच भोकं नांगराच्या आधी. माणूस मात्र कायम पहिला. तो डेकवर जिवंत असताना केलेलं कुठलंही काम वाया जातं. यावर लोक माझ्याशी वाद घालतात, घालू देत.

बोर्डरच्या हातात दारूचं पिंप असेल तर वरचं सगळं विसरा. त्याला वर येऊ देऊ नका. पाण्यावर पिंप दिसलं की लांबूनच गोळी घाला, ते त्याच्यासकट फुटतं. एक पिंप खालच्या डेकवर फुटलं तर एकट्याने जहाज वाचवणं जवळपास अशक्य. याच कारणाने स्वतःच्या जहाजावरही मी पिंप ठेवत नाही. मिळालंच तर पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत पाण्यात सोडून देते.

आग लागली तर बादली समुद्रात बुडवायला जागा शोधत फिरू नका. खाली साचलेलं पाणीच ज्वाळांवर टाका, दोन्ही कामं एकदम होतात.

हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं: बेटावर उतरताना नांगर टाकायचाच नाही. शीड पूर्ण वर घेतलं की जहाज आपोआप थांबतं. नाक समुद्राकडे करून ठेवा. शत्रू दिसला की शीड सोडलं आणि निघालं. नांगर उचलत बसणाऱ्या एकट्या माणसाला गाठणं फार सोपं असतं. बेटावर असतानाही अधूनमधून उंचावर जाऊन दुर्बिणीतून क्षितिज बघत जा. नकाशाही बघा: रीपर्स बोन्स या कंपनीचा झेंडा लावलेलं जहाज सगळ्यांना नकाशावर दिसतं. आणि तुम्ही कुठल्याही कंपनीचा झेंडा लावला असेल तर पाचव्या ग्रेडच्या रीपरला तुम्हीही दिसता.

स्वतःची स्लूप विकत घ्यायला अडीच लाख सोनं लागतं. घ्या. नावासाठी नाही, सॉव्हरिनसाठी. ऑगस्ट 2022 पासून कप्तानाला, म्हणजे स्वतःचं जहाज असलेल्याला, आउटपोस्टच्या धक्क्यावर सॉव्हरिन नावाच्या खरेदीदारांकडे सगळ्या कंपन्यांची लूट एकाच जागी विकता येते, तीही हार्पूनने, म्हणजे दोरी लावलेल्या भाल्याने, ओढून उतरवून. एरवी एकेक पेटी उचलून तंबू ते तंबू पळावं लागतं आणि तेवढा वेळ जहाज बेवारशी उभं राहतं. जितकं लवकर विकाल तितकं गमावण्यासारखं कमी. जहाजासकट पाण्याखाली डुबकी मारून दुसरीकडे निघायची सोय आहे, पण लूट त्यात बरोबर येत नाही, ती मागेच तरंगत राहते. तेव्हा भरलेलं जहाज घेऊन पळायचा तो मार्ग नव्हे.

पिंग (तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वाढला की समोरच्याला लागलेली गोळीही मोजली जात नाही, आणि शिडीच्या माथ्यावरची ती एक गोळीच महत्त्वाची असते. माझ्याकडे वायफाय सोडून केबल लावल्यावर फरक पडला. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर लांब केबल आणा, पण लावा.

ज्यांना ही मारामारी नकोच असेल त्यांच्यासाठी डिसेंबर 2023 पासून सेफर सीज हा वेगळा प्रकार आहे. तिथे दुसऱ्यांची जहाजं नसतात. सुरू झालं तेव्हा तिथे कमाई साधारण 30 टक्केच मिळायची आणि स्वतःचं कप्तानाचं जहाज नेता येत नव्हतं. कामावरून थकून आलेल्या माणसाने तिथे खेळावं, त्यात कमीपणा काही नाही. पण शिडीचा सराव तिथे होत नाही. तो करायचा तर नेहमीच्या समुद्रावर कप्तानाच्या टेबलावरचं वाळूचं घड्याळ, नोव्हेंबर 2022 मध्ये आलेलं, उलटं करा; मग ठरवून दुसऱ्या जहाजाशी लढाई जुळवली जाते. समोरही स्लूपच येते, जहाजावर लूट नसते, त्यामुळे बुडालात तरी पोटात गोळा येत नाही. तिथे मी तोफेला हात न लावता नुसती शिडी राखायचा सराव केला. ज्याला शिकायचंय त्याने तिथूनच सुरुवात करावी, आणि पहिल्या दिवसापासून हेडफोन लावून.