आमची वाटचाल : आधी बाटली, मग पाना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला आमचा गाळा वडिलांचा. त्यांच्या काळात दारात शेतीपंपांची जड डिझेल इंजिनं यायची. मी बसायला लागलो तोवर विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या, आणि दुरुस्तीला यायचे ते ग्रास कटर, पॉवर वीडर, फवारणीचे पंप, दुकानांतले छोटे जनरेटर. सगळं पेट्रोलवरचं.

तक्रार ठरलेली : दोरी ओढून खांदा गेला, मशीन काही लागत नाही. आम्ही कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायचो, प्लग बदलायचो, पैसे घ्यायचो. त्यातल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटमध्ये तार घालायचीही सवय होती. पितळेचं ते बारीक भोक तारेनं मोठं होतं आणि इंजिन जादा पेट्रोल ओढून काळा धूर सोडतं, हे उशिरा कळलं. ती चूक आमची होती. आता क्लीनर आणि हवेचा दाब, एवढंच.

पन्हाळ्याकडचे एक मामा एकच ग्रास कटर तिसऱ्यांदा घेऊन आले. "गेल्या खेपेलाच केलंय की वो हे," एवढंच म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. त्या दिवशी पाना बाजूला ठेवला आणि टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. थोड्या वेळात तळाला बोटभर वेगळा थर बसला. भातकापणी झाल्यावर टाकीत राहिलेलं पेट्रोल पावसाळ्यापर्यंत तसंच पडून होतं.

आपल्याच उसापासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतला ओलावा धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. इंजिनानं तळाचा थर ओढला तर पिस्टनला ऑइलच मिळत नाही, आणि पिस्टन जाम झाला की खर्च मोठा. नुसतं पडून राहिलेलं पेट्रोलही उडून जाऊन मागं चिकट थर ठेवतं, तो जेट बंद करतो. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅमही इथेनॉलनं खराब होतात, ते वेगळंच.

मग गिऱ्हाइकाला सांगायला लागलो : हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. जनरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा, म्हणजे बाऊलचा, स्क्रूही सोडून आतलं पेट्रोल काढा. टू-स्ट्रोकचं ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच घाला आणि लागेल तेवढंच मिसळा. वडील म्हणाले, "असं सांगत बसलास तर गाळ्यात काम कुठनं येणार?" एक पावसाळा खरंच हात रिकामे गेले. कामगारांचा पगार काढताना जीव मेटाकुटीला आला.

2019 च्या पुरानंतर मात्र पाण्यात बुडालेल्या जनरेटरांची रांग लागली. दोरी न ओढता आणलेले बहुतेक वाचले. पुरात भिजलेलं इंजिन आधी सुरू करून बघू नका, हे ज्यांना आम्ही सांगून ठेवलं होतं, ते शेजाऱ्यांनाही घेऊन आले.

आता मे महिन्यात आमच्याकडं सर्व्हिसिंगची गर्दी असते, जूनमध्ये बंद मशीनची नाही. परवा तेच मामा आले. हातात मशीन नव्हतं, पेट्रोलची बाटली होती. म्हणाले, "मशीन घरात हाय. आधी ही बघा."