गळतीच्या कामावर उभं राहिलेलं आमचं गॅरेज

बेळगावजवळच्या पिरनवाडी क्रॉसवरून एक रस्ता खानापूरकडे जातो आणि दुसरा जांबोटीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात. आमचं शेड त्या क्रॉसच्या अलीकडे, कारखान्यांच्या वसाहतीच्या, म्हणजे उद्यमबागेच्या बाजूला आहे. दादा आधीपासून मेस्त्री. मी गॅरेजातला नव्हतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून केलेल्या पार्टची, गळती तपासायच्या टाकीवर होतो. पार्टची सगळी भोकं रबरानं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्यात बुडवायचं आणि बघत राहायचं. बुडबुडा निघाला की तिथं खडूनं गोल. आज खानापूर, चंदगड, बैलहोंगलपासून लोक ज्या कामासाठी आमच्याकडे येतात, ते मला त्या टाकीनं शिकवलं.

ते काम म्हणजे टायमिंग कव्हरची ऑइल गळती. इंजिनच्या पुढच्या तोंडाला, क्रँक पुलीच्या मागं ॲल्युमिनियमचं एक झाकण असतं. चेनवाल्या इंजिनात त्याच्या आत टायमिंग चेन तेलात फिरते, म्हणून त्या झाकणातून तेलाचा थेंबही बाहेर येता कामा नये. ते ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाला बसतं, वर त्याच्या डोक्याला, म्हणजे हेडला बसतं, खाली तेल साठतं त्या चेंबरला बसतं आणि मधल्या भोकातून क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, बाहेर येतो. एवढ्या जागा एकाच पार्टात, म्हणून गळायला वावही तेवढाच.

पहिली काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लचप्लेट, पावसाळ्यात वायपर आणि वायरिंग. घर चालत होतं. मग ती डिझेल गाडी आली.

गाडी खानापूरच्या एका काकांची. बेळगाव-गोवा भाडी मारायचे. पुलीखाली तेल दिसत होतं, म्हणून आम्ही क्रँकचं ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणारी कडी, बदललं. पंधरा दिवसांत गाडी परत. या वेळी कव्हर उतरवलं, जोड बंद करायला लावलेलं जुनं सिलिकॉन खरवडलं, नवं चांगलं जाडजूड लावलं, बोल्ट आवळले आणि संध्याकाळीच गाडी दिली. सीझन होता, त्यांना घाई होती, आम्हालाही वाटलं अडवायला नको. महिन्याभरानं काका तिसऱ्यांदा आले. भांडले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले, "मेस्त्री, पैशाचं नव्हे ओ. गोव्याचं गिऱ्हाईक गेलं की माझं. गाडीखाली तेल बघून उतरले ते."

दादा त्या रात्री जेवला नाही. मी त्याला म्हटलं, उद्या गाडीला पाना लावायचा नाही, आधी बघायचं.

सकाळी इंजिनचं पुढचं तोंड वरपासून खालपर्यंत धुतलं, हवा मारून कोरडं केलं आणि त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकली. सगळं तोंड पांढरंफटक झालं. इंजिन चालू करून मी टॉर्च हातात धरून समोर बसलो. दहा मिनिटं काही नाही. मग हेड आणि ब्लॉक जिथं एकमेकांना भेटतात, बरोबर त्या ओळीत, कव्हरच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका उमटला. बघता बघता त्याची रेघ झाली, पांढऱ्या पावडरीतून वाट काढत ती पुलीपर्यंत खाली आली आणि तिथून चेंबरच्या कडेनं मागं गेली. सील कोरडं होतं. आम्ही दोनदा भलत्याच जागेशी झुंजत होतो.

ती जागा म्हणजे तिठा. हेड, ब्लॉक आणि कव्हर तिथं एकत्र येतात, मधून हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ गॅस्केटची कड बाहेर डोकावते. तिथं बारीक पोकळी राहते. बाकी जोडावर सिलिकॉनची एकसारखी साधारण 3 मिलिमीटरची दोरी पुरते, पण या दोन कोपऱ्यांत आधी एकेक थेंब जास्तीचा भरावा लागतो. आम्ही भरला नव्हता.

पण टाकीवरच्या सवयीनं मला एक प्रश्न सोडत नव्हता. पोकळी असली तरी तेलाला एवढं ढकलतंय कोण? डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोडला, पाइपला इंग्रजी यू सारखा बाक दिला आणि त्यात रंगीत पाणी भरलं. इंजिन चालू केल्याबरोबर पाणी एका बाजूनं चढत पाइपच्या तोंडातून बाहेर उडालं. आमच्या बोलीत बॅक कॉम्प्रेशन. पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडी हवा प्रत्येक इंजिनात खाली उतरते, ब्रीदरनं ती बाहेर काढायची असते. हेडवरच्या झाकणातला, म्हणजे टॅपेट कव्हरमधला, ब्रीदरचा रस्ता काळ्या चिखलानं बुजला होता. रिंगा ठीक होत्या. ब्रीदर साफ केला, पाणी जागेवर बसलं. तो तसाच ठेवून आम्ही शंभर वेळा सिलिकॉन लावलं असतं तरी हवेनं कुठूनतरी तेल काढलंच असतं.

यापुढचं लिहायला मला अजून जड जातं. कव्हर उतरवल्यावर चेंबरही उघडलं. तेल ओढायच्या जाळीवर सिलिकॉनच्या शेवया चिकटल्या होत्या. आमच्याच. आम्ही जाडजूड लावलेलं बोल्ट आवळताना आतल्या बाजूला दबून निघालं आणि तुटून तेलात पडलं. जाळी बुजली असती तर बेअरिंगला तेल गेलं नसतं आणि काकांची गाडी चोर्ल्याच्या चढावर जाम झाली असती. दादानं ती जाळी पुसून काकांच्या हातात दिली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. मजुरी घेतली नाही, आधीच्या दोन वेळचीही परत केली. काका अजून आमच्याकडेच येतात.

तिथून आमच्या कामाची रीत बदलली. कव्हरची कड स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायची नाही. ॲल्युमिनियमला एक ओरखडा पडला की तेलाला वाट मिळाली. साफ करायला प्लास्टिकची पट्टी. घासायची तपकिरी जाळी इंजिनला बंद. तिची खर तेलात गेली की बेअरिंग खाते. मग सरळपट्टी ठेवून फट मोजायचं फिलर गेज घालून बघतो, 0.05 मिलिमीटरची पट्टी सहज सरकली तर कव्हर वाकलंय. उद्यमबागेत सरफेस ग्राइंडिंग हाकेच्या अंतरावर आहे, तरी ज्या कव्हरमध्येच ऑइल पंप बसतो ते आम्ही घासून घेत नाही. पंपाची फट बदलते. तिथं नवंच कव्हर. गिऱ्हाइकाला खर्च सांगताना जीभ अडखळते, पण सांगतो. बोल्टची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचतो. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर, कंपनीच्या पुस्तकात असेल तेच, आणि जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्यानंच. हाताच्या अंदाजानं ॲल्युमिनियमचे आटे गेलेले मी खूप बघितलेत. सिलिकॉन लावल्यावर पाच-दहा मिनिटांत कव्हर बसवायचं आणि मग 24 तास इंजिनला हात नाही.

सीलचंही तसंच. रबरी ओठाच्या सीलला तेल लावून बसवायचं, टेफ्लॉनचं मात्र कोरडं. पुलीच्या दांड्यावर नख फिरवलं आणि चर लागला तर नुसतं नवं सील टिकत नाही. दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा पुली बदलावी लागते. एका गाडीत तर जोड, सील सगळं कोरडं, तरी कव्हरच्या मधोमध ओल. मला पटकन कळलं, कारण असे पार्ट मी ढिगानं बाजूला काढले होते. ओतताना राहिलेली सूक्ष्म छिद्रं. ते कव्हर आम्ही पाण्यात बुडवून गिऱ्हाइकाला बुडबुडे दाखवले.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, कोल्हापूरजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि आमचं सीलचं पार्सल पलीकडे अडकलं. चार गाड्या उघड्या पडून होत्या. तेव्हापासून नेहमीची सीलं आणि सिलिकॉन शेडमध्ये ठेवतो, पैसे गुंतले तरी. 1 एप्रिल 2020 ला गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम आले, बऱ्याच छोट्या डिझेल गाड्या नव्या मिळेनाशा झाल्या, आणि लोक जुन्या गाड्या जपून वापरू लागले. आमचं गळतीचं काम तेव्हा वाढलं. आता शेडसमोर केए 22, एमएच 09 आणि गोव्याची पाटी एका रांगेत उभी असते. एकजण "ऑइल गळतंय ओ" म्हणतो, दुसरा तेच कन्नडमध्ये, "आयिल सोरतैती री". आमच्या तिन्ही पोरांना दोन्ही भाषा येतात. दादा आता गुडघ्यामुळं खाली वाकत नाही, पण 24 तास झाल्यावर पहिली किल्ली तोच मारतो आणि पावडर फुंकलेल्या इंजिनसमोर खुर्ची टाकून अर्धा तास बसतो.

गाडी घेऊन येणार असाल तर एक विनंती. इंजिन धुऊन आणू नका. लोक चांगल्या मनानं धुतात, पण तेल कुठून निघून कुठं गेलं ती वाट त्यात पुसली जाते आणि तुमचाच एक दिवस वाढतो. महिन्याला किती तेल टॉप-अप करता ते मात्र लिहून आणा. आणि गाडी दोन रात्री आमच्याकडे राहील असं धरूनच या.