अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव?

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांचा विषय निघाला की बहुतेकांना १९०८ साल आणि मंडाले आठवते. मला मात्र १८९७ चा पहिला खटला अधिक खिळवून ठेवतो, कारण शिक्षेनंतर अपिलासाठी झालेल्या धडपडीची बरीचशी भिस्त एका शब्दाच्या अर्थावर होती.

'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकातील मजकुरावरून भारतीय दंडविधानातील राजद्रोहाच्या कलम १२४-अ खाली भरलेला हा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. लेखन मराठी, तर ज्यूरीपुढे त्याचे इंग्रजी भाषांतर. आणि नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपीय. वस्तुस्थिती ज्यूरीने ठरवायची व कायदा न्यायाधीशाने समजावून सांगायचा, अशी ती पद्धत असल्यामुळे न्यायाधीशाच्या शेवटच्या भाषणाला विलक्षण वजन असे. सरकारविषयी 'डिसअफेक्शन', म्हणजे अप्रीती, चेतवणे हा त्या कलमाखालचा गुन्हा होता. स्ट्रॅचींनी त्या भाषणात सांगितले की 'डिसअफेक्शन' म्हणजे निव्वळ 'अफेक्शन'चा, प्रीतीचा, अभाव. त्याला जोडून त्यांनी द्वेष, वैर, तिरस्कार अशी मालिकाही दिली. पण पहिले वाक्य बोलून गेले ते गेलेच. १४ सप्टेंबरला ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ही व्याख्या मराठी कानाला सहज खटकावी. आपल्याकडे 'अधर्म' म्हणजे धर्माचा निव्वळ अभाव नव्हे आणि 'अनीती' म्हणजे नीतीची नुसती रजाही नव्हे. तो 'अ' विरोध दाखवतो. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरवला, तर वर्तमानपत्र वाचणारे निम्मे पुणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागले असते.

उच्च न्यायालयाच्या मूळ फौजदारी अधिकारात झालेल्या शिक्षेवर हक्काचे अपील नव्हते. प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठाकडे, जाण्याची परवानगी मागणारा अर्ज पूर्णपीठाने फेटाळला, आणि त्या पीठावर स्वतः स्ट्रॅचीही होते! पुढे लंडनमध्ये टिळकांची बाजू माजी गृहमंत्री अ‍ॅस्क्विथ यांनी मांडली. ज्यूरीला कायदा चुकीचा सांगितला गेला, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. नोव्हेंबर १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने विशेष परवानगी नाकारली. भाषण समग्र पाहता त्यात दुरुस्त करण्यासारखे काही दिसत नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. भाषण तुकड्यांनी वाचू नये हे तत्त्व मला मान्य आहे, परंतु ज्यूरीच्या खोलीत न्यायाधीशाचे कोणते वाक्य सोबत गेले, हे समग्र वाचनातून कसे कळावे?

टिळक तुरुंगात असतानाच, १८९८ च्या चौथ्या अधिनियमाने कलम १२४-अ नव्याने लिहिले गेले. त्यातील स्पष्टीकरणानुसार 'डिसअफेक्शन'मध्ये राजनिष्ठेचा त्याग आणि वैराच्या सर्व भावना येत होत्या; प्रीतीच्या अभावाचा उल्लेख तेथे नव्हता.