मावशीची झडप

रविवार, रात्री

काल ओंकार जेवायला आला होता. परळच्या केईएम हॉस्पिटलात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे हल्ली घरातल्या सगळ्यांपेक्षा त्यालाच जास्त कळतं. बोलताबोलता तिथलेच जुने हृदयाचे सर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा विषय निघाला, तर म्हणतो, "ते दोन फेल ट्रान्सप्लांटवाले ना?" मी आमटी वाढत होते, काही बोलले नाही. पण आज दिवसभर ते सलत राहिलं.

तसं तो खोटं काही बोलला नाही. 1967 च्या डिसेंबरात केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं आणि जगभर गाजावाजा झाला. त्यानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या याच महापालिकेच्या केईएममध्ये सेनांनी तेच केलं. जगातलं सहावं. पेशंट जेमतेम तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरं केलं, तो चौदा तास. भारतात असं ऑपरेशन यशस्वी व्हायला 1994 उजाडावं लागलं. दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. म्हणजे हिशेब मांडायचा तर ओंकारचाच बरोबर.

पण आमच्या घरात सेन हे नाव प्रत्यारोपणामुळे आलेलंच नव्हतं. ते आलं मावशीमुळे.

मावशी लालबागच्या चाळीत राहायची. काका गिरणीत. लहानपणी गावी तिचा घसा सारखा धरायचा, सांधे सुजायचे, आणि आजी हळदीचा लेप लावायची. तो संधिवाताचा ताप होता, हे कुणाला कळणार? त्या तापाने हृदयातल्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप हळूहळू जाड होते, तिच्या पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट एक-दीडवर येते, मग रक्त फुप्फुसांत तुंबतं. बाईला दिवस गेले की शरीर जास्त रक्त मागतं, आणि नेमकं तेव्हाच हे उघडं पडतं. मावशीचं तसंच झालं. दुसऱ्या खेपेला तिला चाळीचे दोन जिने चढवेनात, रात्री उशीला टेकून बसून झोपायची. सासू म्हणायची, कामचुकार आहे.

साठच्या दशकात केईएमला तिचं ऑपरेशन झालं. डाव्या स्तनाखालून पाठीकडे जाणारा व्रण मी लहानपणी पाहिलाय. कुणी विचारलं तर ती हसून सांगायची, "डॉक्टरान काळजात बोट घातल्यान नि दार मोकळां केल्यान!" आम्हाला ती थाप वाटायची. मोठेपणी कळलं की शब्दशः तसंच होतं. हृदय धडधडत असतानाच डाव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, टोकाला गोल टाका घालून छेद द्यायचा, त्यातून तर्जनी आत सरकवायची आणि चिकटलेल्या कडा बोटाने फाकवायच्या. बोटाने भागलं नाही तर खालच्या बाजूने डायलेटर, म्हणजे वाट फाकवायचं अवजार, घालायचा. दिसत काहीच नाही, सगळा खेळ स्पर्शाचा. बोटामुळे वाट अडते, म्हणून फार वेळ आत ठेवता येत नाही. आत रक्ताची गुठळी असली आणि ती सुटली तर थेट मेंदूत. आणि फाकवताना पाकळीच फाटली तर पेशंट आधीपेक्षा वाईट.

सेन आणि त्यांच्या युनिटने हे काम पन्नासच्या दशकापासून चालवलं होतं. गिरणगाव दाराशी, संधिवाती ताप घरोघरी; पेशंटना तोटा नव्हता. मावशीचं ऑपरेशन सेनांनी स्वतः केलं की त्यांच्या हाताखालच्या कुणी, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ती पांढऱ्या कोटातल्या सगळ्याच मोठ्या डॉक्टरांना 'सेनसाहेब' म्हणायची. पुढे तो ताप परत उलटू नये म्हणून वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायची. ते इतकं दुखायचं की त्या दिवशी स्वयंपाक काकांकडे!

सेन मूळचे कोलकात्याचे, जन्म 1915 चा. काम मात्र परळला. 1926 साली केईएमचं मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा देणगीदारांनी अट घातली होती की शिकवणारे सगळे भारतीयच हवेत. ही अट नसती तर पुढची पिढी अशी उभी राहिली असती का, शंका वाटते.

एका कामावर थांबणारा हा माणूस नव्हता. सापाच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त मिळतं, हे पाहून त्यांनी माणसाच्या हृदयाच्या स्नायूत सुईने बारीक छिद्रं पाडून रक्त पोचवण्याचा घाट घातला. 1965 च्या त्या शोधनिबंधावर तेहमतन उडवाडियांचंही नाव आहे, पुढे भारतात लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून ऑपरेशन, आणणारे तेच. कित्येक वर्षांनी परदेशात लोकांनी तीच कल्पना लेझरने करून पाहिली. आणि प्रत्यारोपणाचं म्हणाल तर बर्नार्डच्या दोन वर्षं आधी, 1965 मध्येच, सेन, परूळकर, पांडे आणि किनरे यांनी कुत्र्यांवरच्या शंभर प्रयोगांचा अहवाल छापला होता. तेव्हा केपटाऊनची बातमी वाचून घाईघाईत चाकू उचलला, असं मला तरी वाटत नाही. शंभर म्हणजे काय, याचा ओंकारने जरा विचार करावा.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. मेंदू मृत म्हणजे माणूस मृत, असं म्हणणारा कायदा आपल्याकडे 1994 ला आला. 1968 मध्ये कधी थांबायचं आणि कधी छाती उघडायची, ते डॉक्टरांनीच ठरवायचं होतं. दुसरं हृदय नाकारण्याची शरीराची जिद्द मोडणारी चांगली औषधंही नव्हती. बर्नार्डचा पहिला पेशंटही अठराच दिवस जगला. हे सगळं परळच्या त्या पेशंटला कुणी समजावलं असेल? आणि समजावलं असेल तर महापालिकेच्या वॉर्डातल्या माणसाला 'नाही' म्हणता येतं का?

मावशीला तरी काय सांगितलं होतं? "करायला हवं," एवढंच. तिने कागदावर अंगठा उठवला. तिचं जमलं, धाकटा गोपाळ सुखरूप जन्मला, म्हणून आम्ही आजही सेनसाहेब म्हणतो. जमलं नसतं तर घरात काय बोललं गेलं असतं, ते आईला विचारायला हवं. त्या दिवशी वॉर्डाबाहेर तीच बसली होती.