मोफत रात्रीची ऑफर: नोंदणीपासून मुक्कामापर्यंत

‘तीन मुक्काम करा, एक रात्र मोफत मिळवा’ अशी ऑफर हॉटेल-साखळीच्या सदस्य खात्यात दिसली की मी सगळ्यात आधी नोंदणीचं बटण दाबते. ऑफर खात्यात दिसते म्हणून ती आपोआप लागू होत नाही. नोंदणीआधीचे मुक्काम बहुतेक ऑफरमध्ये धरलेच जात नाहीत आणि मागाहून ते मोजून घेणं फार अवघड जातं. नोंदणी झाल्याचा स्क्रीनशॉट मी काढून ठेवते, अटींचं पानही पीडीएफ करून ठेवते. ऑफर संपल्यावर ते पान सापडेलच याचा भरवसा नसतो, आणि वाद झालाच तर तोच कागद कामी येतो.

अटींमध्ये तीन तारखा शोधाव्या लागतात: नोंदणीची, मुक्कामाची आणि मिळालेली रात्र वापरण्याची. मुक्कामाच्या मुदतीत मेख असते. काही ठिकाणी चेक-इनची तारीख धरतात, काही ठिकाणी चेक-आउटची. शेवटच्या दिवशी चेक-इन केलं, तर दुसऱ्या प्रकारात तो मुक्काम सरळ बाद होतो.

मग येतो ‘रात्र’ आणि ‘मुक्काम’ यांतला फरक, आणि लोक सर्वाधिक अडकतात ते इथेच. एकाच हॉटेलात लागोपाठ तीन रात्री राहिलं तर तो एकच मुक्काम. मधे चेक-आउट करून पुन्हा चेक-इन केलं, वेगळं बुकिंग केलं, तरी नियमानुसार तो एकच धरतात. त्यामुळे ऑफर मुक्काम मोजत असेल तर मी त्याच साखळीतल्या दोन वेगवेगळ्या हॉटेलांत रात्री वाटून घेते. रात्री मोजत असेल तर बॅगा हलवण्याची गरजच नाही. एकाच वेळी दोन खोल्या घेतल्या तर गुण (मुक्कामाबद्दल खात्यात जमा होणारे पॉइंट्स) दोन्हींचे मिळू शकतात, पण ऑफरच्या मोजणीत बहुधा एकच खोली धरतात.

बुकिंग साखळीच्या स्वतःच्या साइटवरून, ॲपवरून किंवा फोनवरूनच करायचं. प्रवास कंपन्यांच्या साइटवरचा दर, टूर ग्रुपचा दर, कर्मचारी सवलतीचा दर हे सहसा पात्र ठरत नाहीत. गुण खर्चून घेतलेल्या रात्रीही बऱ्याच ऑफरमध्ये वगळलेल्या असतात. प्रवास कंपनीच्या साइटवर थोडा स्वस्त दर दिसला तरी मोफत रात्र हातची जाते, हा हिशेब आधी करावा.

हॉटेलच्या काउंटरवर मी दोन गोष्टी विचारतेच. सदस्य क्रमांक या बुकिंगला जोडलेला आहे का, आणि नाव खात्याप्रमाणेच आहे का? मुक्काम एक रात्र वाढवला की काउंटरवर कधीकधी नवीन बुकिंग तयार करतात आणि त्यात क्रमांक टाकायचा राहून जातो. निघताना बाकी शून्य दाखवणारं अंतिम बिल, म्हणजे फोलिओ, मागून घ्यावं. आठवडा-दहा दिवसांत मुक्काम खात्यात दिसला नाही, तर ‘मिसिंग स्टे’चा, म्हणजे न नोंदलेल्या मुक्कामाचा, अर्ज भरायचा. त्यात बुकिंग क्रमांक, तारखा आणि फोलिओ लागतो. मुक्काम खात्यात आला पण ऑफरच्या मोजणीत धरला नाही, तर ती तक्रार वेगळी. तिथे नोंदणीचा स्क्रीनशॉट जोडायचा.

मोफत रात्र बऱ्याचदा प्रमाणपत्राच्या रूपात येते आणि त्यावर मर्यादा असते. हयात (Hyatt) या साखळीत ती हॉटेलच्या दर्जावर, म्हणजे कॅटेगरीवर, असते: तिथे साखळीच्या पाच वेगवेगळ्या ब्रँडमध्ये राहिल्यावर मिळणारी रात्र दर्जा 1 ते 4 मधल्या हॉटेलांतच चालते. काही साखळ्या गुणांची कमाल मर्यादा घालतात. तिथे गुणांचा दर रोज बदलत असेल, तर शनिवारी मर्यादेबाहेर गेलेलं हॉटेल रविवारी मर्यादेत बसू शकतं, म्हणून मी तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करून पाहते. खोली साधारणपणे ‘स्टँडर्ड’ प्रकारातलीच मिळते. हॉटेल रिकामं असलं तरी त्या प्रकारातल्या खोल्या संपल्या की प्रमाणपत्र चालत नाही.

लांबच्या मुक्कामात आणखी एक गणित आहे. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री गुणांवर घेतल्या की सर्वांत कमी गुणांची रात्र मोफत मिळते. हिल्टनमध्ये सिल्व्हर आणि त्यावरच्या श्रेणीच्या सदस्यांना गुणांवरच्या मुक्कामात पाचवी रात्र मोफत. प्रमाणपत्राची रात्र या पाचांत मिसळली तर मॅरियटची सवलत जाते, म्हणून प्रमाणपत्र मी एका रात्रीच्या सहलीसाठी राखून ठेवते.

रिसॉर्ट फीचा, म्हणजे हॉटेल खोलीभाड्याशिवाय सुविधांसाठी वेगळी घेतं त्या फीचा, नियम साखळीप्रमाणे बदलतो. हयात आणि हिल्टन पूर्णपणे गुणांवर घेतलेल्या मुक्कामावर ती आकारत नाहीत, मॅरियटमध्ये ती सहसा भरावीच लागते. फीचा आकडा बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतो. रात्र ‘मोफत’ असूनही तो बराच मोठा असू शकतो.

रद्द करायचं झालं तर मुदतीच्या आत करावं, म्हणजे प्रमाणपत्र खात्यात परत येतं. पण परत येताना त्याची मूळ मुदत तीच राहते. ती उलटून गेली असेल तर ते वापरता येत नाही. म्हणून मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यातलं बुकिंग मी टाळते.